पाणी उकळते तेव्हा नेमके काय तुटते? हायड्रोजन बंध शिकवण्याविषयी

आपला प्रश्न असा आहे: आपण नंदुरबार जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात दोन वर्षांपासून अकरावीला रसायनशास्त्र शिकवता. मुले हायड्रोजन बंधाची, म्हणजे मुख्यतः एका रेणूतील हायड्रोजन आणि शेजारचा रेणू यांच्यातील आकर्षणाची, इंग्रजी व्याख्या न अडखळता म्हणून दाखवतात, पण ‘पाणी उकळताना कोणता बंध तुटतो’ असे विचारले की निम्म्याहून अधिक वर्ग ‘ऑक्सिजन आणि हायड्रोजनमधला’ असे उत्तर देतो. शिवाय नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फ्लोरिन या तिघांपुरताच हा बंध मानणारा नेहमीचा नियम सांगावा की अलीकडची व्यापक व्याख्या सांगावी, याविषयीही आपण साशंक आहात. मी जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षे अकरावी-बारावीला आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला हा विषय शिकवत आलो आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

मला वाटते, अडचण व्याख्येत नाही. अडचण मुलांच्या मनातील चित्रात आहे. ‘पाणी’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन असलेला एकच रेणू येतो. चित्रात एकच रेणू असेल तर हायड्रोजन बंध दाखवायला त्यात जागाच नसते, आणि मग विद्यार्थी तो त्या रेणूच्या आतच कुठे तरी बसवतो. ही चूक मुलांच्या आळसाची नव्हे, शिकवण्याची आहे, असे मी स्वतःच्या अनुभवावरून म्हणतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी घाईघाईने फळ्यावर एक रेणू काढून, त्याच्या बाजूला एक तुटक रेघ ओढून ‘हा हायड्रोजन बंध’ असे सांगत असे. त्या वर्षीच्या उत्तरपत्रिका तपासताना एकाच रेणूतील दोन हायड्रोजन तुटक रेषेने जोडलेल्या इतक्या आकृत्या सापडल्या की, ती रेघ मुलांना माझ्याच हातून मिळाली होती, हे मला मान्य करावे लागले. तेव्हापासून या प्रकरणात फळ्यावर मी कधीही एकटा रेणू काढत नाही. किमान तीन काढतो.

पुढे जे सांगतो त्यातील किती आपल्याला वापरता येईल, हे आपल्याकडील तासांवर, प्रयोगशाळेच्या स्थितीवर आणि समोरच्या मुलांवर अवलंबून आहे. ज्या वर्गाला केवळ सीईटी आणि नीटची घाई आहे तिथे चार तास मिळणार नाहीत, कदाचित दोनच मिळतील. तरीही त्या दोन तासांतला पहिला तास व्याख्येविना जावा, असा माझा आग्रह राहील.

आधी भाषेविषयी बोलतो, कारण आपल्या भागात ती बाब दुय्यम नाही. आपली बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात, घरी अहिराणी किंवा पावरी बोलतात, आणि अकरावीत विज्ञान अचानक इंग्रजीत येते. त्यातच ‘इंटरमॉलिक्युलर’ आणि ‘इंट्रामॉलिक्युलर’ हे दोन शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. आणि मराठीत ‘आंतररेण्वीय’ व ‘अंतःरेण्वीय’ असे म्हटले तरी गोंधळ तसाच राहतो. म्हणून पहिले दोन-तीन तास मी ‘शेजारच्या रेणूशी’ आणि ‘रेणूच्या घरातल्या घरात’ असेच म्हणतो. पारिभाषिक शब्द नंतर येतात आणि तेव्हा ते चिकटतात. दुसरी अडचण ‘बंध’ या शब्दाचीच आहे. सहसंयुज बंध, आयनिक बंध, हायड्रोजन बंध अशी यादी एका श्वासात म्हटली की तिन्ही एकाच तोलाचे वाटतात. प्रत्यक्षात तिसरा बंध हे प्रामुख्याने रेणूरेणूंमधील आकर्षण आहे. हे मी नुसते सांगत नाही, आकड्यांनी दाखवतो.

एका वर्षी मागच्या बाकावरील एका मुलाने उठून विचारले होते, ‘‘पानी उकयस तवय हायड्रोजन निंघी जास ना सर?’’ त्याला मी खाली बसवले नाही, कारण वर्गातील अनेकांच्या मनातील समजूत त्याने स्पष्ट शब्दांत मांडली होती. मी त्यालाच पुढे बोलावले, स्टोव्हवर भांड्यात पाणी उकळत ठेवले आणि वाफेवर स्टीलची गार ताटली धरायला सांगितली. ताटलीच्या पालथ्या बाजूला थेंब जमले. ते थेंब त्याने पांढऱ्या, म्हणजे तापवून कोरड्या केलेल्या मोरचुदावर पाडले आणि मोरचूद निळे झाले. वाफ पाण्याचीच होती, हे त्याने स्वतः पाहिले. त्यानंतर मी त्याला एवढेच विचारले की, उकळताना खरोखर हायड्रोजन सुटत असता तर चुलीवर आंघोळीचे पाणी तापवताना दर सकाळी काय झाले असते? उत्तर त्यानेच दिले. असा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आपण जपावे. त्याच्या एका वाक्यावर माझा तो सगळा तास उभा राहिला.

यानंतर दोन संख्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात. एक मोल, म्हणजे १८ ग्रॅम, पाण्याची १०० अंश सेल्सिअसला वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्याच एक मोल पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन सहसंयुज बंध तोडून सुटे अणू करायचे झाले तर प्रत्येक बंधामागे सरासरी ४६३ किलोज्यूल, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे ९२६ किलोज्यूल लागतील. भागाकार मुलांनाच करू द्यावा. बावीस-तेवीस पट असे उत्तर येते. पाण्याच्या दोन रेणूंमधील एका हायड्रोजन बंधाची ताकद साधारण २० ते २३ किलोज्यूल प्रति मोल आहे, हे त्यानंतर सांगितले की ती संख्या कुठे बसते ते त्यांना दिसते. सहसंयुज बंधाच्या तुलनेत विसावा हिस्सा, आणि तरीही एवढ्यानेच पाणी आपल्या तापमानाला द्रव राहिले आहे. हा भाग मुले सहसा विसरत नाहीत.

आता हायड्रोजन बंध मानायचाच कशासाठी, हा प्रश्न. ‘पुस्तकात आहे म्हणून’ याखेरीज मुलांकडे उत्तर असायला हवे आणि ते आलेखातून मिळते. मी प्रत्येकाला आलेखाचा कागद आणायला सांगतो आणि तीन उत्कलनांक अंश सेल्सिअसमध्ये देतो: हायड्रोजन टेल्युराइड उणे २, हायड्रोजन सेलेनाइड उणे ४१, हायड्रोजन सल्फाइड उणे ६०. चौथा, पाण्याचा, मी देत नाही. पहिल्या तीन बिंदूंवरून रेघ पुढे नेऊन पाण्याचा उत्कलनांक त्यांनी सांगायचा असतो. बहुतेकांचे उत्तर उणे सत्तर-ऐंशीच्या आसपास येते. मग त्यांच्या लक्षात येते की आलेखाप्रमाणे पाणी हा वायू असायला हवा होता, आणि आपली तापी व गिरणा कधी वाहिल्याच नसत्या. ज्या महाविद्यालयांत अजून किपचे उपकरण (वायू तयार करण्याचे काचेचे साधन) वापरात आहे तिथे मुलांना हायड्रोजन सल्फाइडचा वास ओळखीचा असतो. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असूनही तो वायू आहे, ही गोष्ट त्यांना त्या क्षणी खटकते. असे खटकल्याशिवाय हायड्रोजन बंधाची गरज वाटत नाही.

याच आलेखात कार्बनच्या गटाची रेघ अवश्य काढावी: मिथेन उणे १६१, सायलेन उणे ११२, जर्मेन उणे ८८. ही रेघ कुठेही वळत नाही. ती जवळ असली म्हणजे पाण्याचे वेगळेपण उठून दिसते. इथे एक सावधगिरी बाळगावी. ‘वजन वाढले म्हणून उत्कलनांक वाढला’ असे मुले लगेच म्हणतात. खरे कारण असे की, इलेक्ट्रॉनांची संख्या आणि रेणूचा आकार वाढल्याने रेणूंमधील अपस्करण बल, ज्याला आपण लंडन बल म्हणतो, ते वाढते. हायड्रोजन क्लोराइड उणे ८५, ब्रोमाइड उणे ६७, आयोडाइड उणे ३५, हा क्रमही त्याच वेळी दाखवावा. या क्रमात ध्रुवीयता कमी होत जाते, तरी उत्कलनांक चढत जातो. ‘जास्त ध्रुवीय म्हणजे जास्त उत्कलनांक’ हे पाठ झालेले वाक्य इथे आपोआप निकामी होते. अमोनियाचा उत्कलनांक उणे ३३ आणि त्याच गटातील स्टिबाइनचा (अँटिमनी आणि हायड्रोजनच्या संयुगाचा) सुमारे उणे १७, म्हणजे हायड्रोजन बंध नसलेले स्टिबाइन इथे अमोनियाच्याही वर गेले. प्रत्येक तुलनेत हायड्रोजन बंधच जिंकतो असे नाही, हे मुलांनी अकरावीतच पाहिलेले बरे.

आता वर्गात करायच्या गोष्टीकडे येतो; माझ्या मते या प्रकरणातील हा सर्वांत उपयोगी तास आहे. मुलांना मैदानावर किंवा मोठ्या खोलीत न्यावे. आपल्या भागात मुले आणि मुली यांचे गट वेगवेगळे ठेवले तर कोणालाही संकोच वाटत नाही आणि काम लवकर होते. नियम असा की, प्रत्येक विद्यार्थी म्हणजे पाण्याचा एक रेणू. त्याचे दोन हात म्हणजे दोन हायड्रोजन आणि दोन खांदे म्हणजे ऑक्सिजनवरील इलेक्ट्रॉनांच्या दोन एकाकी जोड्या, ज्यांना वर्गात आपण लोन पेअर म्हणतो. आपला हात दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायचा. हाताला हात धरायचा नाही, कारण हायड्रोजन हायड्रोजनला धरत नाही. खांद्याला खांदा लावायचा नाही, कारण लोन पेअर लोन पेअरला धरत नाही. आणि आपला हात आपल्याच खांद्यावर ठेवायचा नाही. पाच मिनिटांत प्रत्येक जण चार जणांशी जोडलेला दिसतो: दोघांच्या खांद्यांवर त्याचे हात, दोघांचे हात त्याच्या खांद्यांवर. आपण शिट्टी वाजवली की सर्वांनी हात सोडून दुसरा शेजारी शोधायचा. द्रव पाण्यात हे बंध सेकंदाच्या एक लाख कोटीव्या हिश्शाच्या आसपास इतक्याच काळात तुटत-जुळत राहतात. हात खांद्यावरून सुटतो, स्वतःच्या धडापासून सुटत नाही. ‘उकळताना काय तुटते’ याचे उत्तर इथे मुलांच्या अंगात भिनते.

मग नियम बदलावा. हायड्रोजन फ्लोराइडसाठी एक हात पाठीमागे बांधायचा, पण हात ठेवू देण्याच्या जागा तीन. काय होते? हातच कमी पडतात आणि जाळ्याऐवजी साखळ्या तयार होतात. अमोनियासाठी उलट: हात तीन असल्याचे मानायचे, खांदा मात्र एकच; इथे खांदे कमी पडतात. पाण्यात हात दोन आणि खांदेही दोन, काहीच वाया जात नाही. आता फ्लोरिन ऑक्सिजनपेक्षा अधिक विद्युतऋण (म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे जास्त ओढणारे) असूनही, आणि त्याचा एकेक हायड्रोजन बंध पाण्यापेक्षा बळकट असूनही, हायड्रोजन फ्लोराइड १९.५ अंशांना उकळते आणि पाणी १०० अंशांना, हे कोडे मुलांनीच सोडवलेले असते. (हायड्रोजन फ्लोराइडच्या वाफेतही रेणूंचे पुंजके टिकून राहतात, म्हणजे उकळताना सारे बंध तोडावेच लागत नाहीत, हे हुशार विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.) बर्फासाठी सर्वांना जागच्या जागी हात ताणून उभे करावे: मध्ये मोकळी जागा दिसते. बर्फाची घनता ०.९१७ का आणि तो पाण्यावर का तरंगतो, ते त्या मोकळ्या जागेत आहे. मात्र बर्फ वितळताना सगळे हायड्रोजन बंध तुटतात असा समज होऊ देऊ नये; वितळायला मोलमागे फक्त ६ किलोज्यूल लागतात, वाफ व्हायला ४१. बहुतांश जाळे वितळल्यानंतरही शिल्लक असते.

आतापर्यंत मुलांकडे तीन गोष्टी आलेल्या असतात: बंध शेजाऱ्याशी असतो, त्याला एक हात आणि एक खांदा लागतो, आणि त्याची ताकद सहसंयुज बंधाच्या विसाव्या हिश्शाइतकी आहे. आता व्याख्या सांगावी, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच येते.

नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिनचा नियम अकरावीत ठेवावाच. परीक्षेला तो लागतो आणि बहुतेक ठिकाणी तो बरोबर उत्तर देतो. फक्त तो दोन बाजूंनी सांगावा. हायड्रोजन या तिघांपैकी एकाला जोडलेला हवा, हा हात. आणि समोरच्या रेणूत या तिघांपैकी एकावर लोन पेअर हवी, हा खांदा. नियम अर्धाच सांगितला की ‘डायमिथाइल इथरमध्ये हायड्रोजन आहे, ऑक्सिजनही आहे, म्हणून त्यात हायड्रोजन बंध आहे’ असे उत्तर मिळते. त्यातील सगळे हायड्रोजन कार्बनला जोडलेले आहेत. खांदे आहेत, हात नाहीत. इथेनॉल आणि डायमिथाइल इथर यांचे रेणुसूत्र एकच, मोलार वस्तुमान ४६; उत्कलनांक मात्र एकाचा ७८ आणि दुसऱ्याचा उणे २४. ही जोडी माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत स्वच्छ पुरावा आहे, कारण इथे वजनाची सबब चालत नाही.

कोणी तरी विचारेलच की, पुस्तकात क्लोरिनची विद्युतऋणता नायट्रोजनइतकीच दिली आहे, मग क्लोरिन का नाही? क्लोरिनचा अणू मोठा आहे, त्याच्यावरील ऋण प्रभार पसरलेला असतो आणि त्यामुळे हायड्रोजनवरील पकड ढिली पडते. उत्तर एवढेच द्यावे, पण द्यावे.

व्यापक व्याख्येविषयी माझे मत असे आहे. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटना आययुपॅकने २०११ साली हायड्रोजन बंधाची नवी व्याख्या मांडली, आणि ती तयार करणाऱ्या गटाचे अध्यक्ष बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. ई. अरुणन होते. १९२० साली लॅटिमर आणि रोडेबुश यांनी ज्या कल्पनेवर लेख लिहिला, तिची व्याख्या जवळजवळ शतकानंतर नव्याने लिहावी लागली आणि त्या कामाचे नेतृत्व भारतातून झाले, हे मी वर्गात आवर्जून सांगतो. नव्या व्याख्येत तीनच मूलद्रव्यांची अट नाही. हायड्रोजन आपल्यापेक्षा अधिक विद्युतऋण अणूला जोडलेला असावा आणि बंध निर्माण झाल्याचा पुरावा असावा, असा तिचा रोख आहे. अकरावीला यातील एकच वाक्य पुरे: ‘तीन मूलद्रव्यांत हा बंध ठळक असतो, पण सीमा तिथेच संपत नाही.’ पदवीच्या वर्गात मात्र अ‍ॅसिटोन आणि क्लोरोफॉर्म सम प्रमाणात मिसळून दाखवावे. थर्मामीटरचा पारा काही अंश चढतो, कारण क्लोरोफॉर्ममधील कार्बनला जोडलेला हायड्रोजन अ‍ॅसिटोनच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. बारावीतील राऊल्टच्या नियमापासूनचे ऋण विचलन, म्हणजे मिश्रणाचा बाष्पदाब नियमाच्या अपेक्षेपेक्षा कमी भरणे, ते हेच. हा प्रयोग हवेशीर जागी, थोड्या मात्रेत आणि शिक्षकानेच करावा, आणि जवळपास कॉस्टिक सोडा किंवा कोणताही अल्कली ठेवू नये. अल्कलीच्या संपर्कात हे मिश्रण उग्र अभिक्रिया करते.

स्थानिक उदाहरणांविषयी आपण वेगळे विचारलेले नाही, पण दोन शब्द सांगावेसे वाटतात. उन्हाळ्यात पारा ४४ वर जातो तेव्हा माठ आणि कूलर घराघरांत असतात, म्हणून शिक्षक माठाचे उदाहरण प्रथम घेतात. मी ते प्रथम घेत नाही. कोणताही द्रव उडून जाताना गारवा देतो. हातावर अ‍ॅसिटोन टाकले तर पाण्यापेक्षा अधिक गार लागते, कारण ते झपाट्याने उडते. त्यामुळे नुसत्या माठाने हायड्रोजन बंध सिद्ध होत नाही. प्रत्येक ग्रॅममागे पाणी किती उष्णता नेते हे पाहिले, तर त्या तापमानाला ती सुमारे २.४ किलोज्यूल भरते, आणि इतक्या लहान रेणूसाठी ती मोठी आहे. हे समजण्याची तयारी झाल्यावर माठ घ्यावा.

कापूस मात्र लवकर घ्यावा. आपल्या मुलांनी तो वेचलेला असतो. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, ग्लुकोजच्या घटकांची लांबलचक साखळी, आणि प्रत्येक घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. सुती सदरा पाणी धरून ठेवतो आणि पॉलिस्टरचा लवकर वाळतो, हे त्यांना माहीत असते. सुती कपड्याला पाणी शिंपडून इस्त्री का करतात, हा प्रश्न त्यांना द्यावा. पाण्याचे रेणू साखळ्यांमधील हायड्रोजन बंधांत शिरून ते सैल करतात, इस्त्रीच्या दाबाखाली साखळ्या सरळ होतात आणि पाणी उडून गेले की बंध नव्या जागी पुन्हा जुळतात. मग पुढचा प्रश्न: इतके हायड्रॉक्सिल गट असूनही शेतातला कापूस पावसात विरघळत का नाही? ‘हायड्रॉक्सिल आहे म्हणजे पाण्यात विरघळते’ ही समजूत इथे मोडते. साखळ्या एकमेकींना इतक्या ठिकाणी धरून बसलेल्या असतात, शिवाय इतर बलांचाही त्यात वाटा असतो, की पाणी त्यांना ओले करते पण सुटे करू शकत नाही. ज्वारीचा स्टार्चही ग्लुकोजचाच, पण जोडणी वेगळी. म्हणून बिबड्यांसाठी (ज्वारीच्या पापडांसाठी) पीठ शिजवताना गरम पाणी त्याच्या कणांत शिरते आणि ते फुगते.

एकाच रेणूच्या आतील हायड्रोजन बंधाचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवतो. आधी घेतला की सगळी मेहनत वाया जाते आणि पाण्याचा हायड्रोजन बंध पुन्हा रेणूच्या आत जाऊन बसतो. ऑर्थो आणि पॅरा नायट्रोफिनॉल (सूत्र एकच, गटांच्या जागा वेगळ्या) पुरेसे आहेत: पहिल्याचा हात स्वतःच्याच शेजारच्या खांद्यावर पोहोचतो, म्हणून तो इतरांना फारसा धरत नाही, ४५ अंशांना वितळतो आणि वाफेबरोबर निघून येतो, दुसरा ११४ अंशांना वितळतो आणि फ्लास्कमध्येच मागे राहतो. मैदानावर मोडू नका म्हणून सांगितलेला नियम इथे रेणूच्या ठेवणीमुळे मोडतो, हे मुलांना लगेच उमगते.

तपासणीसाठी व्याख्या विचारू नये, आकृती मागावी. तीन रेणू काढायचे, सहसंयुज बंध शाईने आणि हायड्रोजन बंध पेन्सिलीने तुटक. तुटक रेघ एका रेणूच्या हायड्रोजनपासून निघून दुसऱ्याच्या लोन पेअरपाशीच संपली पाहिजे, आणि जमेल तितकी सरळ रेषेत हवी. इथेनॉलच्या आकृतीत कार्बनवरील हायड्रोजनपासून रेघ निघाली असेल, तर त्या विद्यार्थ्याला व्याख्या येत असूनही हात कुठला ते कळलेले नाही, असे समजावे आणि त्याला पुन्हा एकदा फळ्यापाशी बोलवावे.

शेवटच्या तासाला मी एकच प्रश्न देतो: अ‍ॅसिटोन पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते, पण स्वतः ५६ अंशांनाच उकळते, असे का? उत्तर मराठीत, अहिराणीत, इंग्रजीत, कसेही द्यायला मुभा असते. ‘त्याला खांदा आहे, हात नाही, पाणी आपला हात देते’ अशा अर्थाचे काही मुलांकडून आले, तर मी त्याच वाक्याचे इंग्रजी रूप त्यांच्याकडूनच फळ्यावर लिहून घेतो आणि पुढचे प्रकरण सुरू करतो.